आधी कवटी, मग फुली

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कादंबरीची होते, नाटकाची होते, नाटकातल्या पडद्यांची होते. काहीच उरलं नाही तर समीक्षेचीच समीक्षा होते आणि तिच्यावर चर्चासत्रही भरतं. पण आठ चित्रं अशी आहेत की ती गेली वीसएक वर्षं जगभरातली लाखो माणसं रात्र रात्र जागून, डोळ्यांत तेल घालून वाचताहेत, आणि त्यांच्यावर आपल्या एकाही समीक्षकाने अर्धा कॉलम खर्ची घातलेला माझ्या पाहण्यात नाही. असे वाचक कुठल्याही कवितासंग्रहाच्या नशिबी येत नाहीत. अर्थात त्यालाही कारण आहे. कविता चुकीची वाचली तर कोणी मरत नाही.

ही चित्रं म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या अमेरिकन खेळातल्या लक्ष्यखुणा. शत्रूच्या डोक्यावर लावायच्या. कवटी, फुली, चौकोन, चंद्र, त्रिकोण, चौकट, गोल आणि चांदणी.

त्यांची समीक्षा करण्याचा अधिकार मला काय, असं कोणी विचारील. मी बँकेत कारकून, शिक्षण बी.कॉम. पण खुणांच्या बाबतीत बी.कॉम.वाल्याला कमी लेखू नये. १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टात १२३ नंबरचं कलम आहे. चेकच्या तोंडावर दोन समांतर तिरक्या रेघा ओढा. बस्स. आता त्या चेकचे पैसे काउंटरवर रोख मिळायचे नाहीत, बँकेमार्फतच वसूल करावे लागतील. अक्षर नको, सही नको, नुसत्या दोन रेघा! एवढा आशय एवढ्या कमी जागेत नवकवींनाही साधलेला नाही. ज्याने वीस वर्षं अशा रेघा वाचून पोट भरलं, त्याला आठ चित्रं वाचायला हरकत नसावी.

आधी खेळाची थोडी ओळख. (ज्यांच्या घरात पंधरा ते चाळीस वयाचं कोणी आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. त्यांनी सोसलंय ते पुरे आहे.) कॅलिफोर्नियातल्या ब्लिझर्ड कंपनीने हा खेळ नोव्हेंबर २००४मध्ये बाजारात आणला. आपापल्या घरी बसलेल्या माणसांनी इंटरनेटवरून एका काल्पनिक जगात शिरायचं, टोळ्या करायच्या आणि भुयारांत जाऊन राक्षस मारायचे, असा एकूण मामला. ऑक्टोबर २०१०मध्ये कंपनीने आपले वर्गणीदार १ कोटी २० लाखांच्या वर गेल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे दारात वर्गणीवाले आले की लोक दिवा मालवून गप्प बसतात. इथे लोक राक्षसाचा मार खायला वर्गणी भरत होते!

भुयारात जायची टोळी पाच जणांची. एकाने पुढे उभं राहून मार खायचा. त्याला टँक म्हणतात. एकाने मागे उभं राहून त्याची मलमपट्टी करायची. उरलेल्या तिघांनी राक्षसांना मारायचं. वाटणी इतकी स्पष्ट की कुठल्याही सहकारी संस्थेने हेवा करावा. भानगड सुरू होते ती राक्षस समोर आल्यावर. राक्षस एकेकटे येत नाहीत, चार-पाचांच्या घोळक्याने येतात, आणि बऱ्याचदा त्यातल्या दोघातिघांचं नाव तेच आणि तोंडही तेच. आता कोणाला आधी मारायचं, हे चौघांना सांगायचं कसं? ‘डावीकडच्याला मारा’ म्हणावं, तर डावीकडचा कोणाच्या डावीकडचा? आमच्या शाखेत एके काळी तीन कुलकर्णी होते. ‘कुलकर्ण्यांना फोन आहे’ अशी हाक आली की एक तर तिघेही उठायचे किंवा कोणीच उठायचा नाही. मात्र फोनवर निदान तलवार घेतलेला माणूस नसायचा.

बरं, सगळ्यांनी एकालाच का मारायचं? यात साधं अंकगणित आहे. या खेळात राक्षस अर्धमेला झाला म्हणून अर्धाच मारत नाही. शेवटचा श्वास असेपर्यंत तो पुऱ्या ताकदीने मारतो. चार राक्षसांना निम्मं निम्मं मारलंत, तर मारणारे चारच्या चार शिल्लक. तेवढ्याच श्रमांत दोघांना पुरतं मारलंत, तर मारणारे उरले दोन. निम्मं काम झालेल्या चार फायली म्हणजे दोन फायलींचं काम झालं असं वरिष्ठांना वाटतं. खेळात असं वाटणारा जिवंत राहत नाही.

सुरुवातीला खुणा नव्हत्याच. तेव्हा पुढच्याने ज्याच्यावर नजर ठेवली असेल त्याच्यावर आपलीही नजर जावी, अशी एक आज्ञा टाइप करायची सोय होती. म्हणजे पुढच्याच्या पाठीकडे बघत दिंडीत चालावं तसं. पुढच्याने मान वळवली की सगळ्यांच्या माना वळल्या. मारामारीच्या आधी जे काय ठरवायचं ते बोलून ठरवायचं. २००५मध्ये या बोलण्याची टर उडवणारी एक चित्रफीत जगभर गाजली. टोळी दाराशी उभी, तपशीलवार योजना चालू, टक्केवारीचे हिशेब चालू, आणि लीरॉय जेन्किन्स नावाचा गडी स्वतःच्याच नावाची आरोळी ठोकून सरळ आत घुसतो. मागोमाग सगळे धावतात आणि सगळे मरतात. तो प्रसंग मुद्दाम बसवलेला होता, हे पुढे करणाऱ्यांनीच सांगितलं. पण ज्याने आयुष्यात एखादी तरी मीटिंग बसून काढली आहे, त्याला तो खोटा वाटणं शक्य नाही.

२००६ साली खुणा आल्या. आता त्यांच्या गुणांकडे वळतो.

पहिला गुण असा की प्रत्येक खुणेचा आकारही वेगळा आणि रंगही वेगळा. कवटी पांढरी, फुली लाल, चौकोन निळा, चंद्र रुपेरी, त्रिकोण हिरवा, चौकट जांभळी, गोल नारिंगी, चांदणी पिवळी. ज्याला रंगांतला फरक ओळखता येत नाही तो आकारावरून ओळखतो. ज्याला धुमश्चक्रीत आकार दिसत नाही तो रंगावरून ओळखतो. आमच्याकडे जमेच्या आणि नावेच्या व्हाउचरांचे रंग वेगळे असत, त्यामागचं शहाणपण हेच. चौकट पाहून तर पत्त्यांच्या अड्ड्यावर वाढलेल्या माणसाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. या चित्रांना कंपनीने अर्थ दिलेलाच नाही. यादीत चांदणीचा नंबर पहिला आणि कवटीचा शेवटचा, आठवा. पण खेळणाऱ्यांनी यादी उलटीच वाचली. कवटी म्हणजे याला आधी मारा. फुली म्हणजे त्याच्यानंतर याला. चंद्र म्हणजे याची जादूगाराने मेंढी करून ठेवावी. निळा चौकोन बहुधा शिकाऱ्याचा. तो जमिनीवर बर्फाचा सापळा लावतो आणि राक्षस त्यात गोठून उभा राहतो. चांदणी पुष्कळ टोळ्यांत चोराची. त्याने मारामारी सुरू होण्यापूर्वी लपत जाऊन मागून डोक्यात टोला घालायचा. टोळीटोळीप्रमाणे थोडा फरक, पण आधी कवटी आणि मग फुली, हे बहुतेक सगळीकडे पक्कं. कुठे ठराव झाला नाही, परिपत्रक निघालं नाही, ‘तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ असं कोणी कळवलं नाही. आमच्याकडे परिपत्रक निघून, त्याचं स्पष्टीकरण निघून, त्या स्पष्टीकरणाचं शुद्धिपत्रक निघूनही एवढी एकवाक्यता होत नाही.

तिसरा गुण मला सर्वांत थोर वाटतो. एका वेळी कवटी एकच. पहिल्या राक्षसाच्या डोक्यावर कवटी असताना दुसऱ्यावर कवटी लावली, तर पहिल्याची निघून जाते. दोघांवर राहत नाही. म्हणजे नेत्याला निवडच करावी लागते. हे वाचून ज्याला गहिवरून येत नाही, त्याने कचेरीत नोकरी केलेली नाही असं खुशाल समजावं. कचेरीत ‘तातडीचे’ असा एक रबरी शिक्का असतो. त्याला कोणतीही मर्यादा नसते. सकाळी तो एका कागदावर उमटतो, दुपारपर्यंत दहांवर आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर त्याच्याशिवाय कागद उरत नाही. त्यावर उपाय म्हणून ‘अति तातडीचे’ असा दुसरा शिक्का बनवतात. मग कारकून शांतपणे सर्वांत वरचा कागद उचलतो. शिक्क्यांनी सांगितलेलं सगळं मिळून शून्य झालेलं असतं. मार्च अखेरीला एखाद्या शाखेत कोणी फक्त एक कवटी आणि एक फुली आणून दिली, तर निम्मी माणसं आठ वाजता घरी जातील. आठही खुणांची गरज नाही.

पण कवटीचं कौतुक कोणीही करील. कवटीला समीक्षकाची गरज नाही. ती नाटकातल्या नायकासारखी आहे. प्रवेश केला की टाळी. माझ्या मते या संचातली खरी अभिजात कलाकृती चंद्र आहे.

चंद्राचा अर्थ आहे ‘याला मारू नका’. जादूगार त्या राक्षसावर मंत्र टाकतो आणि त्या राक्षसाची मेंढी होते. ती इकडेतिकडे फिरत राहते, कोणाला त्रास देत नाही. पण हा मंत्र मोठा नाजूक असतो. जुन्या खेळात जास्तीत जास्त पन्नास सेकंद टिकतो; तो संपायच्या आत पुन्हा टाकावा लागतो. एका जादूगाराला एका वेळी मेंढी एकच. आणि कोणाचा चुकूनसुद्धा धक्का लागला, की मेंढीचा पुन्हा राक्षस. तोही ताजातवाना, कारण मेंढी असताना त्याची जखम भराभर भरून येते. म्हणजे तुम्ही त्याला दवाखान्यात ठेवलेलं असतं आणि वेळेआधी बाहेर काढता.

आपल्याकडे मेंढीकोट खेळतात. त्यात दश्शीला मेंढी म्हणतात आणि चौघांचा जीव मेंढी ओढण्यात अडकलेला असतो. भिडूला खोकून, नाक खाजवून, चहा मागून खुणा केल्या जातात त्या सगळ्या ‘मेंढी ओढ’ अशाच. इथे बरोबर उलटं. मेंढी समोर फिरतेय, हातात शस्त्र आहे, अंगात जोर आहे आणि पाच जणांनी तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. चार माणसांना एकाच्या अंगावर सोडणं फार सोपं आहे. त्यासाठी खुणेचीसुद्धा गरज नसते, एक आरोळी पुरते. चार माणसांना एकापासून दूर ठेवणं हे खरं अवघड काम. चंद्राशिवाय ते होत नाही.

बँकेतही हीच गोष्ट आहे. आमच्याकडे खात्यातल्या काही रकमेवर ‘लीन मार्क’ करतात. पैसे खात्यात दिसतात, पण त्यांना हात लावायचा नाही. कोणी चेकचं ‘स्टॉप पेमेंट’ देऊन जातं. तो चेक समोर आला, सही जुळली, तारीख जुळली, शिल्लकही आहे, तरी पैसे द्यायचे नाहीत. काउंटरवर हजार चेक वटवणाऱ्याचं काम सगळ्यांना दिसतं. त्यातला एक थांबवणाऱ्याचं कोणालाच दिसत नाही, कारण त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं.

२०२१च्या जूनमध्ये कंपनीने या खेळाचा २००७ सालचा भाग जुन्या स्वरूपात पुन्हा सुरू केला, तेव्हा माझ्या भाच्याने मला टोळीत घेतलं. तो पुण्यात, मी मुंबईत. त्याला टँक व्हायची हौस, मी जादूगार. त्याचा ऑफिसातला एक मित्र मलमपट्टीला आणि उरलेले दोघे कुठले कोण, देव जाणे. आम्ही ‘शॅटर्ड हॉल्स’ नावाच्या भुयारात शिरलो. तिथे ऑर्क जातीचे राक्षस पाच-पाच, सहा-सहाच्या पलटणी करून उभे असतात.

भाचा म्हणाला, “मामा, तू चंद्र.”

“आणि?”

“आणि काही नाही. चंद्र म्हणजे चंद्र. तेवढं सांभाळ.”

पहिल्या पलटणीपासून माझं लक्ष एका अनोळखी गड्यावर होतं. तो होता वॉरलॉक, म्हणजे काळ्या विद्येवाला. त्यांच्याकडे ‘सीड ऑफ करप्शन’ नावाचा मंत्र असतो. एका राक्षसात बी पेरायचं. ते फुटलं की आजूबाजूच्या सगळ्यांना प्रसाद. भ्रष्टाचाराचं बीज एका ठिकाणी पेरलं की शेजारीपाजारी सगळे त्यात येतात, हे कॅलिफोर्नियात बसून त्यांना कसं सुचलं कोण जाणे. पण हे बी माझ्या मेंढीच्या जवळ फुटलं, तर मेंढी मोडणार, ऑर्क थेट मलमपट्टीवाल्यावर जाणार आणि आम्ही पाचही जण संपणार. बोलून सांगावं, तर तो बोलत नव्हता. लिहून सांगितलं, तर त्याचं उत्तर आलं नाही. त्याला इंग्रजी येत होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्याला चंद्र वाचता येत होता. मेंढी जवळ असली की तो बी पेरायचाच नाही. एकट्या कवटीवर साधे मंत्र टाकत राहायचा, कवटी पडली की फुलीवर. मेंढी फिरत फिरत दूर गेली की मग बी काढायचा. दोन तासांत आम्ही एका शब्दाचीही देवाणघेवाण केली नाही, आणि माझी मेंढी त्याच्या हातून एकदाही मोडली नाही. इतकं समजूतदार वागणं मी एका भाषेच्या, एका जिल्ह्याच्या आणि एकाच युनियनच्या माणसांतसुद्धा क्वचित पाहिलं आहे.

भुयार संपल्यावर भाच्याने, कोणी किती मारलं त्याचा तक्ता काढला. असे तक्ते करणारी जोड-सॉफ्टवेअरं खेळणाऱ्यांनीच बनवलेली आहेत आणि लोक ती निकालाच्या यादीसारखी बघतात. तिघा मारणाऱ्यांत मी तिसरा होतो. अर्धा वेळ मेंढ्या हाकणाऱ्याचा नंबर कितवा येणार? भाच्याने मग माझ्या पात्राच्या डोक्यावर चंद्र लावला आणि म्हणाला, “मामा, हे तुझं प्रमोशन.” बँकेतल्यापेक्षा ते लवकर मिळालं, एवढं खरं.

आता दोष. समीक्षेत दोष दाखवले नाहीत, तर लेखकाशी ओळख आहे असं लोक समजतात.

पहिला दोष नारिंगी गोल. या आकृतीला ना अर्थ, ना व्यक्तिमत्त्व. लांबून ती पिवळ्या चांदणीसारखी दिसते, आणि चांदणीला निदान चोर विचारतो. आठ खुणा भरायच्या म्हणून भरलेली ही खूण म्हणजे कवितासंग्रहातली शेवटून दुसरी कविता.

दुसरा दोष मालकी हक्काचा. मोठ्या टोळीत खूण लावण्याचा अधिकार नेता आणि त्याच्या सहायकांनाच असतो. पण आजच्या खेळात पाच जणांच्या टोळीत कोणीही खूण लावू शकतो. दोघांची मतं जुळली नाहीत की एक जण कवटी इकडच्या राक्षसावर लावतो, दुसरा ती तिकडच्यावर. दोघे कवटीची ओढाओढ करत असताना राक्षस आपलं काम उरकून घेतो. कवटी एकच असण्याचा जो गुण मी वर सांगितला, तोच इथे अंगाशी येतो. शिवाय कवटी कारण सांगत नाही. हाच का आधी? हा दुसऱ्यांची मलमपट्टी करतो म्हणून, की नेत्याला त्याचं तोंड आवडलं नाही म्हणून? विचारायची सोय नाही, कारण आठ खुणांत प्रश्नचिन्ह नाही. सगळी आज्ञार्थी क्रियापदं! नवीन माणूस दोन वर्षं कवट्या फोडतो आणि एके दिवशी त्याच्या हातात खुणा दिल्या, तर कोणावर लावायची हे त्याला ठाऊक नसतं. त्याने राक्षस कधी पाहिलेलाच नसतो. त्याने पाहिलेली असते ती डोक्यावरची कवटी.

तिसरा दोष म्हणावा की गुण, मला ठरवता येत नाही. या खुणा आपल्या माणसांवरही लागतात. ‘मोल्टन कोअर’ नावाच्या जागी चाळीस जणांची टोळी जायची. तिथला बॅरन गेडन नावाचा आगीचा राक्षस आपल्यातल्याच एकाला जिवंत बाँब करतो. काही सेकंदांत तो फुटणार आणि जवळच्यांना घेऊन जाणार. अशा माणसाच्या डोक्यावर खूण लावली की त्याने काय करायचं? निमूटपणे घोळक्यातून बाहेर पडायचं, दूर जाऊन उभं राहायचं आणि तिथे सभ्यपणे फुटायचं. एकोणचाळीस जण त्याच्याकडे बघतही नाहीत. आपल्या डोक्यावरची खूण दिसल्याबरोबर स्वतः दूर होणारा माणूस मी सार्वजनिक जीवनात अजून शोधतो आहे.

इतर खेळांतल्या खुणांशी तुलना केल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ‘फायनल फँटसी’ मालिकेतला चौदावा खेळ २०१३मध्ये नव्या रूपात आला. त्यातल्या खुणांत थेट नंबर आहेत. हल्ला एक, हल्ला दोन, हल्ला तीन. मग बांधून ठेवा, आणि मग दुर्लक्ष करा. सगळं स्वच्छ आणि नियमानुसार. नवशिक्याला पाच मिनिटांत कळतं. पण कवटी आणि चंद्र लोकांनी मिळून घडवले, तसं इथे घडवायला फारसं उरलेलं नाही. रेशनकार्डावरच्या मजकुरात संदिग्धता नसते, म्हणून काही ते कोणी पाठ करत नाही. तरीही ‘दुर्लक्ष करा’ ही खूण मात्र मी नोकरीच्या ठिकाणी तातडीने मागवून घेईन.

फेब्रुवारी २०१९मध्ये आलेल्या ‘एपेक्स लेजंड्स’ या खेळाने वेगळीच वाट काढली. तिथे तिघांची टोळी. एक बटण दाबलं की आपण बघत असू त्या जागी खूण उमटते आणि आपलं पात्र तोंडाने बोलतंसुद्धा: इकडे चला. दोनदा दाबलं तर: इथे शत्रू आहे. वाटेत पडलेल्या वस्तूवर दाबलं तर ही इथे आहे, हवी असेल तर घ्या. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला त्यावर ‘ती माझ्यासाठी ठेवा’ असं उलट सांगता येतं. कवटी हुकूम देते, ही खूण विचारते. त्याच वर्षी ‘फोर्टनाइट’नेही तशीच सोय केली. ऑगस्ट २०२१मध्ये एपेक्सच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने या पद्धतीचं पेटंट इतरांना विनामूल्य वापरू दिलं. कारण ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही, त्यांना या खुणांमुळे टोळीत इतरांच्या बरोबरीने खेळता येतं. एखाद्या कंपनीने पेटंट सोडून दिल्याची बातमी वाचली की मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचतो. ही तशी वाचली.

दुर्दैवाने, वॉरक्राफ्टमध्ये चंद्राचे दिवस फार राहिले नाहीत. नोव्हेंबर २००८मध्ये खेळाचा नवा भाग आला आणि टँक इतका दणकट झाला की सगळा घोळका एकटाच अंगावर घ्यायचा. उरलेल्यांनी सगळ्यांना एकदम झोडपायचं. मेंढी करायला वेळ कोणाला? डिसेंबर २००९मध्ये, वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच अनोळखी माणसांना यंत्रानेच एकत्र आणून भुयारात सोडायची सोय झाली. ज्यांना बोलायला सामायिक काहीच नाही, अशा माणसांना खुणांची सर्वांत जास्त गरज. नेमक्या त्याच वेळी खुणा लावायची सवय मोडली. डिसेंबर २०१०च्या भागात कंपनीने भुयारं पुन्हा कठीण केली आणि चंद्र परत उगवला. लोकांनी एवढी तक्रार केली की पुढे ती सोपी करावी लागली. मोठ्या टोळ्यांत तर पुढे कित्येक खुणा जोड-सॉफ्टवेअर आपोआप लावू लागलं. खूण बिनचूक पडायची. फक्त ती कोणी ठरवलेली नसायची.

जुन्या खुणांबरोबर गेलं ते दाराशी थांबणं. पलटण समोर, पाच जण उंबऱ्याशी उभे, आणि नेता एकेकाच्या डोक्यावर खूण लावतो आहे. पाच-दहा सेकंदांचा खेळ. ‘कवटी त्याच्यावर नको, मागच्यावर लाव’ असं कोणी म्हणतो. ‘चौकोनाला सापळा लागणार नाही, जागा अडचणीची आहे’ असं दुसरा म्हणतो. ‘थांबा, पाणी पिऊन येतो’ असं तिसरा. खुणांमध्ये जे प्रश्नचिन्ह नव्हतं, ते त्या पाच-दहा सेकंदांत असायचं. ती सेकंदं वाचवून लोक कुठे जातात मला कळत नाही. पुढच्या दारात पुन्हा राक्षसच तर आहेत.

तेव्हा माझा निकाल असा. कवटी उत्तम. फुली नेटकी. चौकोन, चौकट, त्रिकोण आणि चांदणी कामसू. गोल काढून त्या जागी प्रश्नचिन्ह घालावं. चंद्र अजोड. आणि भुयार संपल्यावर जो तक्ता सगळे बघतात, त्याच्या पहिल्या पानावर आणखी एक रकाना असावा, न झालेल्या घोटाळ्यांचा. या एका बाबतीत आमची कचेरी त्या अमेरिकन खेळाच्या पुढे आहे, हे मी अभिमानाने सांगू शकतो. महिनाभरात काहीही घडलं नाही, तर आम्ही तसं लिहून पाठवतो. त्याला निरंक अहवाल म्हणतात. तो दोन प्रतींत असतो, त्यावर सही असते, आणि तो वेळेवर पोचला नाही तर वरून ‘तातडीचे’ असा शिक्का मारलेलं स्मरणपत्र येतं.